मी पेट्रोल वाचवलं नाही

मी एक जुना लोहचुंबक आहे. खडकीतल्या एका तळमजल्याच्या घरात, खिडकीशी ठेवलेल्या शिलाई मशीनजवळ, टाचण्यांच्या पत्र्याच्या डबीत राहतो. माझ्या पाठीवर लाल रंगाची फुली आहे. मित्रांनो, निबंधाच्या वहीत तुम्हाला फाटकी छत्री, मोडकी सायकल, वठलेलं झाड अशी दुःखी मंडळी भेटली असतील. ती बिचारी आयुष्यभर राबली आणि मग लोकांनी त्यांना टाकून दिलं. माझं उलट झालं. मी काडीचं काम केलं नाही आणि अख्ख्या सोसायटीने माझं कौतुक केलं. तेव्हा रुमाल शोधू नका. मला तुमची दया नको आहे. मलाही तुमच्याबद्दल फार माया नाही, कारण उद्या तुमच्यापैकीच कुणीतरी माझ्या भावंडाला विकत घेऊन घरी आणणार आहे.

माझा जन्म शहराबाहेरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. काळी भुकटी साच्यात दाबली, भट्टीत भाजली आणि आम्ही शेकड्यांनी बाहेर पडलो. काही भावंडांना फ्रिजच्या दारात नोकरी लागली, काही स्पीकरमध्ये गेली, दोघं एका शाळेच्या प्रयोगशाळेत लागली. सगळी इमानाने राहतात. मला आणि माझ्या जुळ्याला मात्र निळ्या प्लॅस्टिकच्या डबीच्या दोन अर्ध्या भागांत बसवलं आणि वर सोनेरी अक्षरांत ‘इंधनरत्न’ असं छापलं. आम्ही दोघं असलो तरी डबी एकच, म्हणून मी ‘मी’च म्हणतो. मला पेट्रोलच्या नळीवर बांधलं की म्हणे पेट्रोलचे कण रांगेत शिस्तीने उभे राहतात, पूर्ण जळतात आणि गाडीचं ॲव्हरेज वाढतं. मित्रांनो, लोखंड दिसलं की मला राहवत नाही, हे खरं. पण पेट्रोलला माझं काही वाटत नाही आणि मला पेट्रोलचं काही वाटत नाही. हे सातवीतल्या मुलाला कळतं. मोठ्यांना कळत नाही, कारण पेट्रोल त्यांना भरावं लागतं.

मला विकणाऱ्याचं नाव अभय. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र आणि समोर येईल त्याला ‘काका’. हा माणूस मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही. त्याची हुशारी अशी की तो मला नुसता कधी विकत नसे. मला बसवताना तो गाडीचा एअर फिल्टर झटकायचा, प्लग साफ करायचा, चारही चाकांत हवा भरायचा आणि म्हणायचा, “काका, हे सगळं आपल्याकडून फ्री.” वर एक छापील कागद हातात ठेवायचा. ‘उपकरणाचा पूर्ण लाभ मिळण्यासाठी’ असा मथळा आणि खाली सूचना. दर पंधरा दिवसांनी हवा तपासा. क्लचवर पाय ठेवून गाडी चालवू नका. एकदम पळवू नका, एकदम ब्रेक मारू नका. सिग्नलला थांबलात तर इंजिन बंद करा. टपावरचं कॅरियर आणि डिकीतलं ओझं काढून ठेवा. आता एवढं सगळं केल्यावर कुठल्या गाडीचं ॲव्हरेज वाढणार नाही? जे वाचत होतं ते त्या कागदामुळे वाचत होतं. मी आयत्या बिळावरचा नागोबा होतो.

मला विकत घेतलं सुखदेवरावांनी. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात ते बत्तीस वर्षं तपासनीस होते. पितळी नग हातात घ्यायचा, गेजला, म्हणजे मापाच्या साच्याला, लावायचा, नीट असेल तर पासचा शिक्का, नसेल तर त्यावर लाल रंगाची फुली. केसभर फरकही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. साहेब येऊन शेजारी उभा राहिला तरी फुलीची फुलीच राहायची. निवृत्त झाले तरी सोसायटीत कुणी कुकर घेवो की पंखा, आधी सुखदेवरावांना दाखवायचा. दुसऱ्या मजल्यावरचे रिक्षावाले उत्तरेश्वर तर म्हणायचेच, “दादांनी पास केलं म्हंजे पास.” सुखदेवरावांनी आयुष्यात कमावलं ते एवढंच, त्यांचा शब्द.

असा माणूस गाडीत बसला की मात्र बदलायचा. हे मला नंतर प्रेमलाताईंकडून, म्हणजे त्यांच्या बायकोकडून कळलं. चंदेरी रंगाची बारा वर्षांची गाडी, तेराचं ॲव्हरेज, आणि रस्त्यावर सगळे मूर्ख, आपण एकटे शहाणे, असा खाक्या. हिरवा दिवा लागायच्या आधी हॉर्न. पुढच्या सिग्नलपर्यंत जीव खाऊन पळवायची आणि तिथे पोचून कचकन ब्रेक. दर रविवारी ते असे खडकीहून कात्रजला जायचे, लेकीकडे. प्रेमलाताई सगळा वेळ डोळे मिटून बसायच्या.

मी नळीवर बसलो त्या दिवशी हे सगळं थांबलं. माझ्यामुळे नाही. सुखदेवरावांनी जाहीर केलं की आता चाचणी चालू आहे. अभयचा कागद त्यांनी डॅशबोर्डवर चिकटवला आणि ड्युटीवरचे नियम पाळावेत तसा पाळला. कॅरियर उतरवलं. डिकीतले प्रेमलाताईंच्या कापडाचे गठ्ठे घरात आणले. चौथ्या गिअरमध्ये, हळूहळू, मागच्यांच्या शिव्या खात ते कात्रज गाठू लागले. पंपावर टाकी फुल करताना पंपवाल्याला थांबवून गाडी दोन्ही हातांनी हलवायचे, म्हणजे आत उरलेली हवा निघेल आणि माप चुकणार नाही. मी बॉनेटखाली बसून असायचो. पेट्रोल माझ्याजवळून जायचं, पहिल्यासारखंच, माझ्याकडे ढुंकूनही न बघता.

तेराचं ॲव्हरेज साडेसोळावर गेलं. मग काय विचारता. जिन्यात, दुधाच्या रांगेत, विहाराबाहेर चपला घालताना, जिकडेतिकडे माझंच नाव. दर शनिवारी संध्याकाळी सुखदेवराव मला नळीवरून सोडवायचे, मऊ फडक्याने पुसायचे आणि परत बांधायचे. त्यांच्या बायकोच्या वाट्याला एवढं कौतुक कधी आलं नसेल. मला त्या फडक्याचा राग यायचा. चोराला हार घातला तर तो निदान मनात हसतो तरी. मला तेही जमत नव्हतं.

आम्रपाली म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. कात्रजला एका डेअरीच्या प्रयोगशाळेत दूध तपासते. तपासणी तिने वडिलांकडूनच उचललेली. एका रविवारी तिच्या दारात बॉनेट उघडून सुखदेवराव जावयाच्या गाडीलाही माझं भावंड बसवायचं म्हणून सांगत होते. ती वाकून बघत होती. जरा वेळाने म्हणाली, “पप्पा, हा बसवला त्याच दिवशी चाकांत हवा भरली ना?”

“भरली.”

“कॅरियरही काढलंत.”

“काढलं. मग?”

“आणि आता तुम्ही गाडी पण नीट चालवता. आई सांगत होती, हॉर्नसुद्धा वाजवत नाही म्हणून.”

“ते चाचणीसाठी.”

“मग चाचणी नक्की कशाची झाली? एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मला तुम्हीच शिकवलंत. आमच्या लॅबमध्ये मी असा रिपोर्ट दिला तर मॅडम परत करतील.”

मित्रांनो, बॉनेटखाली बसून मी त्या पोरीला मनातल्या मनात हात जोडले. इतक्या दिवसांत कुणीतरी माझ्याबद्दल शहाण्यासारखं बोललं होतं. पण सुखदेवरावांचा चेहरा उतरला आणि मग लाल झाला. “बत्तीस वर्षं मी तपासणी केली. आता तू मला शिकवणार?”

“शिकवत नाही. आठवण करून देतेय.”

त्यांनी बॉनेट आपटलं. गाडीत बसताना प्रेमलाताईंना ऐकवलं, “आजपासून या विषयावर घरात एक शब्द नको. कुणाचाच.” लेकीने पुढे केलेला डबासुद्धा त्यांनी घेतला नाही.

पुढच्या शनिवारी ते मला पुसत होते, तेवढ्यात अभयचा फोन आला. अभयने बेत मांडला. सोसायटीतल्या अठरा जणांनी माझ्या भावंडांसाठी नावं दिली होती, पण सगळ्यांचं म्हणणं एकच, आधी सुखदेवरावांनी सगळ्यांसमोर सांगावं. तर काकांनी महिन्याने एका रविवारी आवारात चार शब्द बोलावेत. सुखदेवराव म्हणाले, “नुसते शब्द नाही. मी महिनाभर कडक चाचणी घेतो. सीलबंद.” बोलता बोलता त्यांनी मला खिडकीच्या कठड्यावर ठेवलं. फोन कानाशी धरूनच बाहेर गेले, बॉनेट लावलं, आणि कारखान्यात चाचणीच्या नमुन्याला लावायचे तशी डिंकाची कागदी पट्टी बॉनेट आणि जाळीवर आडवी चिकटवली. पट्टीवर तारीख घातली. सही केली. अंगठ्याने दाबून दाबून कडा बसवल्या.

मी खिडकीतून बघत होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते मी त्या दिवशी कठड्यावर बसून पाहिलं.

दोन दिवसांनी प्रेमलाताईंच्या हातून टाचण्यांची डबी पडली आणि फरशीभर टाचण्या झाल्या. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, मला उचललं आणि फरशीवरून एकदा फिरवलं. मित्रांनो, काय सांगू. चाळीस-पन्नास टाचण्या एका दमात माझ्या अंगाला येऊन बिलगल्या. जन्मात पहिल्यांदा मी कुणाच्या उपयोगी पडलो होतो, आणि मला रडू यायचं बाकी राहिलं. ताईंनी मला उलटसुलट करून पाहिलं, सोनेरी अक्षरं वाचली, खिडकीतून बाहेरच्या बॉनेटवरची पट्टी पाहिली. मग मला डबीत ठेवलं आणि मशीन चालू केलं. त्यांना सगळं कळलं होतं.

चार रविवार सुखदेवराव एकटे कात्रजला गेले. चाचणीचा रस्ता बदलायचा नाही, म्हणून लेकीच्या फाटकापर्यंत जायचे, आकडा लिहून घ्यायचे आणि तिथूनच गाडी वळवायचे. आत पाऊल टाकलं नाही. “तुम्ही या जाऊन,” प्रेमलाताई म्हणाल्या, “लेकीच्या दारातून तोंड फिरवून यायला मला नाही जमायचं.” दर रविवारी त्या मशीनवर बसून राहायच्या आणि कात्रजची वेळ झाली की घड्याळाकडे बघायच्या. मला त्या चार रविवारी सुखदेवरावांचा जेवढा राग आला तेवढा अभयचाही कधी आला नाही. अभयला निदान माहीत होतं की तो खोटं विकतोय. हे गृहस्थ माझ्यासारख्या बिनकामाच्या तुकड्यापायी पोटची पोर तोडायला निघाले होते, आणि तेही सही-शिक्क्यानिशी.

मग तो ठरलेला रविवार आला. सकाळी अकराला आवारात प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या. अभयने माझ्या भावंडांनी भरलेली बॅग आणली. सुखदेवराव विहारातून वंदना करून थेट आले, पांढऱ्या शर्टात. प्रेमलाताईंनी फोन करून आम्रपालीला बोलावलं होतं. ती फाटकाशीच उभी राहिली. बापाने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. आमची खिडकी गाडीपासून चार हातांवर, त्यामुळे डबीतून मला सगळं दिसत होतं.

सुखदेवरावांनी वहीतले आकडे वाचले. चार रविवार, तोच रस्ता, तोच पंप. ॲव्हरेज सतरा. “साडेसोळापेक्षाही अर्धा किलोमीटर जास्त,” ते म्हणाले. टाळ्या पडल्या. मग त्यांनी पट्टीकडे बोट केलं. “चार आठवडे हे बॉनेट उघडलेलं नाही. तारीख आहे, सही आहे. उत्तरेश्वर, आपण पुढे या. सील शाबूत आहे का बघा.”

उत्तरेश्वर वाकले, नखाने कडा चाचपून पाहिल्या. “हाय दादा. जशाला तसं.”

सुखदेवरावांनी पट्टी फाडली, बॉनेट वर केलं आणि मला दाखवायला हात पुढे केला. नळी मोकळी होती. ते वाकले, खाली पाहिलं, बाजूला पाहिलं. खुर्च्या पुढे सरकल्या. अभय चटकन जवळ आला आणि त्यांच्या कानाशी लागला. “काका, निसटला असेल. होतं असं. कालच रस्त्यात खाली पडला म्हणून सांगा, मी लगेच नवा बसवतो.”

मशीनचा आवाज थांबला. प्रेमलाताईंनी टाचण्यांची डबी खिडकीतून बाहेर धरली. “अहो, हा शोधताय का?”

सगळ्यांच्या माना वळल्या. माझ्या अंगावर टाचण्या उभ्या होत्या. सुखदेवराव खिडकीशी आले. “हा तुझ्याकडे कसा?”

“तुम्हीच पुसून इथे ठेवलात. फोन आला, आणि तुम्ही तसंच बॉनेट लावून सही केलीत.”

“कधी?”

“पट्टीवर तारीख आहे की.”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“या विषयावर घरात एक शब्द नको म्हणालात. नाही बोलले.”

मागे कुणीतरी हसलं. मित्रांनो, मी त्या माणसावर इतका चिडलेलो होतो, तरी त्या क्षणी मला त्याच्याकडे बघवलं नाही. अठरा माणसं समोर, लेक फाटकाशी, हातात स्वतःच्या सहीचा फाटका कागद. अभयने वाटही काढून दिली होती. टाचण्यांच्या डबीतला हा दुसराच, जुना आहे, एवढं म्हणायचं. लोकांनी ऐकलं असतं. त्यांना ऐकायचंच होतं. आणि थोड्याच वेळापूर्वी हे गृहस्थ विहारात खोटं न बोलण्याचं शील घेऊन आले होते.

उत्तरेश्वर हळूच म्हणाले, “दादा, मग मी रिक्षाला बसवू का नको?”

सुखदेवरावांनी कागदाकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं. वही मिटली. “नको,” ते म्हणाले. “हा चार आठवडे गाडीत नव्हता. माझं सीलच सांगतंय. ॲव्हरेज वाढलं ते चाकातल्या हवेमुळे आणि माझ्या पायामुळे. ते मी याच्या नावावर टाकलं. माझी लेक मला सांगत होती, मी ऐकलं नाही. चूक नगाची नाही, तपासनिसाची आहे.”

त्यांनी बॉनेट लावलं. मग त्यांनी फाटकाकडे पाहून विचारलं, “आम्रपाली, लाल रंग आहे का गं?”

महिनाभराने बापाच्या तोंडून आपलं नाव ऐकून तिचे डोळे भरून आले. ती आली, पर्समधून नेलपॉलिशची बाटली काढून तिचं झाकण फिरवून त्यांच्या हातात दिली. सुखदेवरावांनी मला डबीतून घेतलं, टाचण्या एकेक करून काढल्या आणि माझ्या सोनेरी अक्षरांवर फुली मारली. दोन्ही रेघा सरळ आल्या. बत्तीस वर्षांची सवय.

अभयने बॅगेची चेन ओढली. “काका, आपण असं करायला नको होतं. मी एवढा विश्वास टाकला.”

“तुमचा तो छापील कागद तेवढा ठेवून जा,” सुखदेवराव म्हणाले. “अठरा प्रती. तो पास आहे.”

अभयने कागद दिले नाहीत. मग उत्तरेश्वरांनी डॅशबोर्डवरचा उतरवून घेतला आणि खिडकीशी उभं राहून, ओठ हलवत, सगळ्या सूचना वहीत लिहून काढल्या. त्या दुपारी प्रेमलाताईंनी मशीनवर कापड टाकलं आणि त्या गाडीत पुढे बसल्या, आम्रपाली मागे. गाडी कात्रजला फाटकाच्या आत गेली आणि संध्याकाळपर्यंत तिथेच उभी होती, असं ताईंनी दुसऱ्या दिवशी ब्लाउज शिवायला आलेल्या बाईला सांगितलं. सिग्नलला सुखदेवरावांनी एकदा हॉर्न वाजवला म्हणे. माणूस आहे, चालायचंच.

मी आता टाचण्या सांभाळतो. काम छोटं आहे, पण माझं आहे. तरी माझा राग गेलेला नाही. अभय कुठेतरी दुसऱ्या आवारात खुर्च्या मांडत असेल, आणि एखादे चांगले, शब्दाचे पक्के गृहस्थ माझ्या भावंडाला फडक्याने पुसत असतील. मित्रांनो, तुमच्या घरी असं काही आलं तर त्याच्यापुढे दोन टाचण्या टाका. त्या उचलल्या तर त्याला तेवढंच काम द्या, आणि गाडीच्या चाकांत हवा भरून घ्या.

आणि एक विनंती आहे. जुन्या वस्तू शेवटी म्हणतात तसं ‘मला जपा’ असं मी म्हणणार नाही. पण टाचण्या घासून घासून माझ्यावरची लाल फुली पुसट होत चालली आहे आणि खालची सोनेरी अक्षरं पुन्हा वाचता येऊ लागली आहेत. प्रेमलाताईंकडे कुणी आलात, तर तेवढी फुली परत गिरवा. माझ्यावर आजवर जे काही लिहिलं गेलं, त्यात तेवढंच खरं आहे.